रेंजफाइंडर घेतेयस ना, मग हे ऐक

अगं, बोरिवलीच्या नॅशनल पार्कात प्राणीगणनेला स्वयंसेवक म्हणून नाव दिलंस, ऐकून फार बरं वाटलं. रेंजफाइंडर शोधताना जिथेतिथे ‘हंटिंग’ लिहिलेलं दिसेल, त्याने बिचकू नकोस. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे; पण शिकाऱ्यांसाठी बनलेलं तेच यंत्र ट्रान्सेक्टवर, म्हणजे गणनेसाठी आखलेल्या रेषेवर चालताना, चितळ-सांबराचं अंतर मोजायला लागतं. आणि तूही हंटिंगवालंच घे, गोल्फवालं नको.

का ते सांगते. लेझर जाऊन आदळून परत यायला किती वेळ लागला, त्यावरून यंत्र अंतर काढतं. गोल्फवाल्याला मागची झाडं सोडून पुढचा झेंडा पकडायचा असतो, म्हणून ते जवळची वस्तू धरतं. आपल्या जंगलात पावसाळ्यानंतर कारवी माजलेली असते. फटीतून चितळाचे कान तेवढे दिसतात, तू बटण दाबतेस आणि आकडा येतो १२ मीटर. तो मधल्या पानाचा! हंटिंगच्या बऱ्याच यंत्रांत लांबची वस्तू धरायचा मोड असतो, तो आहे का हे आधी बघ. तरी एका आकड्यावर विसंबू नकोस, कधीकधी चितळाला सोडून मागचा उतारही मोजला जातो. दोन-तीनदा दाब, शेजारच्या खोडाचंही अंतर घे. प्राणी पळालाच, तर तो पहिल्यांदा दिसला त्या जागेजवळचं झाड मोजायचं.

खोक्यावरच्या हजार मीटरला भुलू नकोस गं. तो पल्ला चकचकीत पाटीवरचा असतो, हरणाच्या अंगावरून लेझर तेवढा परततच नाही. शिवाय इतक्या दाट झाडीत एवढ्या लांबचं दिसतंय कुठे? तो पैसा भिंगावर घाल. पहाटे झाडाखाली काळे आकडे वाचताच येत नाहीत, म्हणून लाल उजेडाचे आकडे असलेलं मिळालं तर उत्तम. चष्मा लावून बघता येतं का, तेही तपास.

हातात आलं की पहिल्यांदा यार्डाचं मीटर कर. ५० यार्ड म्हणजे जेमतेम ४६ मीटर. अंतराची चूक थेट हिशेबात उतरते. अंतर कमी नोंदलं तर तपासलेला पट्टा अरुंद ठरतो आणि चौरस किलोमीटरमागे जनावरं उगाच जास्त दिसतात. २०१५च्या अभ्यासात या उद्यानात आणि आसपास ३५ बिबटे मोजले गेले. त्यांच्या पोटाला जंगलात किती चितळ, किती सांबर आहे, हे अशाच नोंदींवरून ठरतं. म्हणून मी एवढी मागे लागतेय तुझ्या.

उताराच्या मोडचंही बघून ठेव. चढावर काही यंत्रं तिरकं अंतर दाखवतात, काही आडवं. आपल्याला आडवं हवं. ट्रान्सेक्टच्या रेषेपासून प्राण्याचा कोन मात्र होकायंत्रानेच घ्यायचा.

घरी आणलंस की सोसायटीच्या गच्चीवर टेप धरून २० आणि ४० मीटरला पडताळून घे. आकडा जुळला नाही तर लगेच परत कर, मुदत टळू देऊ नकोस. आणि वन विभागाची परवानगी हातात आल्याशिवाय हे घेऊन आत पाऊल टाकू नकोस.