‘रन’ या इंग्रजी शब्दाचे विविध अर्थ व त्यांचे अध्यापन

राज्यातील प्राथमिक शाळांत इयत्ता पहिलीपासून इंग्रजी हा विषय २००० सालच्या जून महिन्यापासून सुरू झाला. तेव्हापासून मुलांच्या वह्यांत शब्दांच्या याद्या वाढत आहेत : एका बाजूस इंग्रजी शब्द, दुसऱ्या बाजूस त्याचा एकच मराठी अर्थ. प्रारंभी ही रीत सोयीची असते. ‘कॅट’ म्हणजे मांजर, येथे वाद नाही. परंतु जे इंग्रजी शब्द अगदी लहान व नित्याचे आहेत, त्यांच्या बाबतीत ही यादीच मुलाला फसविते. अशा शब्दांपैकी ‘रन’ हा एक असून त्याचाच विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

ऑक्सफर्डच्या बृहत् इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती १९२८ साली पूर्ण झाली, तेव्हा ‘सेट’ या शब्दाने त्यात सर्वांत अधिक जागा व्यापली होती. पुढे सुधारित आवृत्तीचे काम चालू असता २०११ साली ‘रन’ने त्यास मागे टाकले, केवळ क्रियापद म्हणून त्याचे ६४५ अर्थ संपादकांनी नोंदविले. शिक्षकबंधुभगिनींनी या आकड्याने दचकून जाऊ नये. प्राथमिक शाळेस त्यांतील सहा-सात अर्थ पुरेसे आहेत, आणि ते सर्व एकाच मुळातून फुटलेले आहेत.

तालुक्यातील एका शाळेत तपासणीच्या वेळी पाहिलेला प्रसंग येथे सांगणे इष्ट वाटते. ‘हर नोज इज रनिंग’ या वाक्याचा अर्थ पाचवीतील एका मुलीने ‘तिचे नाक धावत आहे’ असा सांगितला. वर्ग हसला, गुरुजीही हसले. त्या तासाला ती मुलगी पुन्हा बोलली नाही. वस्तुतः तिला जे पाठ करविले होते, ते तिने प्रामाणिकपणे लावून दाखविले होते. ज्या मुलाच्या घरी कोश नाही व इंग्रजी जाणणारे माणूसही नाही, त्याचा कोश म्हणजे त्याचा शिक्षक. त्या कोशात एका शब्दापुढे एकच अर्थ लिहिलेला असेल, तर दोष मुलाच्या माथी मारता येत नाही.

आरंभ इंग्रजीपासून न करता मराठीपासून करावा. ‘लागणे’ हे क्रियापद फळ्यावर लिहून मुलांकडून वाक्ये मागवावीत. भूक लागली, आग लागली, निकाल लागला, दादाला नोकरी लागली, आजोबांचा डोळा लागला, लोणारास जाताना वाटेत सुलतानपूर लागते. दहा मिनिटांत फळा भरून जाईल. मग विचारावे : ‘डोळा लागला’ यातील व ‘निकाल लागला’ यातील ‘लागला’ वेगळा आहे, हे तुम्हांस कोणी शिकविले ? कोणीही नाही. शेजारच्या शब्दावरून ते आपोआप कळले. हीच युक्ती इंग्रजीतही चालते, एवढे मुलांच्या मनावर बिंबले की अर्धे काम झाले.

आता ‘रन’कडे वळू. त्याच्या मुळाशी न थांबता, एका वाटेने पुढे जात राहण्याची कल्पना आहे. मूल पायांनी असे पुढे जाते, तेव्हा आपण ‘धावणे’ म्हणतो. पाणी तसे जाते, तेव्हा मराठीत ‘वाहणे’ म्हणावे लागते : ‘दि पैनगंगा रन्स पास्ट मेहकर’, म्हणजे पैनगंगा मेहकरजवळून वाहते. नाकाचेही तेच, ते द्रवाच्या घरातले वाक्य आहे. धुतल्यावर कापडाचा रंग जातो, तोही पाण्याबरोबर वाहूनच, म्हणून तेथेही इंग्रजीत ‘रन’च येतो. यंत्र व वाहन यांना आपण ‘चालणे’ लावतो : ‘द पंप इज रनिंग’, पंप चालू आहे. बस मेहकरहून लोणारला धावते असे वर्तमानपत्रे लिहितात खरे, पण घरात कोणी तसे बोलत नाही.

रस्त्याची गोष्ट मोठी रंजक आहे. रस्ता जागचा हलत नाही. हलते ती पाहणाराची दृष्टी. तरीही इंग्रजीत तो ‘रन’ करतो आणि मराठीत तो ‘जातो’. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटर लांबीचा असून तो आपल्या तालुक्यातून जातो. हे वाक्य इंग्रजीत करावयास सांगितल्यास मुले बहुधा ‘गोज’ लिहितील. तेही चूक नव्हे, तांबडी रेघ मारू नये. केवळ ‘रन्स’ हा पर्याय शेजारी लिहून द्यावा.

खरी अडचण पुढे आहे. ‘रन’नंतर लगेच एखादी वस्तू अगर संस्था आली, तर अर्थ ‘चालविणे’ असा होतो : ‘माय अंकल रन्स अ शॉप’. म्हणजे जे चालते, ते चालते ठेवणारा कोणीतरी आला. उलट दिशेने भाषांतर करताना मुले ‘माझे काका दुकान चालवितात’ याचे ‘माय अंकल वॉक्स अ शॉप’ करतात. ‘चालणे’ म्हणजे ‘वॉक’ असे यादीत आहे ना ! या चुकीत विचार आहे. तो ओळखून मग ती दुरुस्त करावी. मात्र ‘रन अ रेस’ येथे शर्यत चालविणे नसून शर्यत धावणे आहे, हा अपवाद वेगळा सांगावा.

काही जोडशब्द स्वतंत्रच शिकवावे लागतात. ‘रन आउट’ मुलांना क्रिकेटमुळे ठाऊक असते, फलंदाज धावबाद झाला. पण ‘वुई हॅव रन आउट ऑफ चॉक’ म्हणजे आपल्याकडील खडू संपले आहेत; येथे कोणी बाद झालेले नाही. ‘आय रॅन इन्टू माय टीचर’ म्हणजे गुरुजी अचानक भेटले, आणि ‘द कार्ट रॅन इन्टू अ ट्री’ म्हणजे गाडी झाडावर आदळली. पहिल्या वाक्यात गुरुजींवर आदळल्याचा अर्थ मुले काढतात व मनमुराद हसतात. असे हसू वर्गात अवश्य असावे, कारण ते वाक्यावर असते, मुलावर नसते.

जाता जाता एक गंमत. निवडणुकीसाठी अमेरिकेतील उमेदवार ‘रन’ करतो, इंग्लंडमधील ‘स्टँड’ करतो. आपला उमेदवारही उभाच राहतो.

रूपांविषयी थोडेसे. भूतकाळी ‘रॅन’, परंतु ‘हॅव’ अथवा ‘हॅज’ यांच्यानंतर पुन्हा ‘रन’. मुले तेथे ‘हॅव रॅन’ लिहितात. याचा सराव तोंडीच करून घ्यावा. लेखी तक्त्याने ही सवय जडत नाही.

इयत्ता चौथीपर्यंत धावणे, वाहणे व चालणे एवढ्यावरच थांबावे. पाचवी ते सातवीस दोन तास द्यावेत. पहिला तास ‘लागणे’ व फळ्यावरील वाक्ये यांस. दुसऱ्या तासास प्रत्येक वाक्यापूर्वी दोनच प्रश्न विचारावेत : काय पुढे जात आहे ? आणि त्याला कोणी चालवीत आहे काय ? ज्या वर्गात चार इयत्ता एकत्र बसतात, तेथे मोठ्या मुलांनी वाक्य म्हणावे व लहानांनी कृती करून दाखवावी. चाचणीस ही वाक्ये द्यावीत : ‘द टॅप इज रनिंग’, ‘शी रन्स द स्कूल’, ‘द वॉल रन्स अलाँग द रोड’, ‘द बॉय रॅन होम’. तिसऱ्या वाक्यात ‘भिंत रस्त्याकडेने जाते’ किंवा ‘रस्त्याकडेने भिंत आहे’ यांपैकी कोणतेही उत्तर आले तरी पूर्ण गुण द्यावेत.