विस्थापितांचे अर्ज आणि त्यांची कागदपत्रे

उज्जयिनीच्या उत्तरेस क्षिप्रेच्या काठी भैरवगढ नावाची वस्ती आहे. कालभैरवाचे देवालय आणि ठशांनी छापलेली वस्त्रे यांमुळे ती सर्वपरिचित आहे. परंतु प्रस्तुत लेखाचा संबंध तेथील सिद्धवटाशी आहे. या ठिकाणी पितृकार्यासाठी येणाऱ्या कुटुंबांच्या वंशावळी तीर्थपुरोहित आपल्या वह्यांत पिढ्यान् पिढ्या लिहून ठेवीत आले आहेत. आपल्याकडे नाशिक व त्र्यंबकेश्वर येथेही हीच प्रथा आहे. घरदार सोडून आलेल्या कुटुंबाजवळ एकही सरकारी कागद नसेल, तर अशा नोंदीचे मोल किती मानावे?

या प्रश्नाचे उत्तर कायद्यात आहे. हयात नसलेल्या व्यक्तीने, वाद उत्पन्न होण्यापूर्वी, नात्यासंबंधी केलेले विधान संबद्ध मानावे, अशी तरतूद १८७२ च्या पुरावा अधिनियमाच्या कलम ३२ मध्ये होती. दिनांक १ जुलै २०२४ पासून तिची जागा भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम २६ ने घेतली आहे. म्हणजे वहीतील नोंद नाते दाखविण्याच्या कामी येऊ शकते. नागरिकत्व मात्र तीवरून सिद्ध होत नाही. हा भेद ध्यानी न घेतल्याने छाननीच्या टेबलावर दोन्ही प्रकारच्या चुका होतात. कोणी अशी नोंद पाहताच बाजूस सारतो, तर कोणी तिच्यावरच सारी भिस्त ठेवतो.

विस्थापिताच्या कोणत्याही अर्जात मुळात तीन गोष्टी सिद्ध करावयाच्या असतात : अर्जदार कोण, तो कोठून आला, आणि केव्हा आला. यांपैकी तिसरी गोष्ट सर्वांत कठोर असते, कारण तिच्याशी तारीख निगडित असते. संविधानाच्या अनुच्छेद ६ मध्ये पाकिस्तानातून आलेल्यांसाठी १९ जुलै १९४८ ही तारीख होती. तीपूर्वी येऊन येथे राहिलेल्यास नोंदणीची गरज नव्हती; त्या दिवशी वा नंतर आलेल्यास नेमलेल्या अधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागे, आणि अर्जापूर्वी सहा महिने येथे वास्तव्य असावे लागे. पूर्व पाकिस्तानातून आलेल्यांच्या बाबतीत तर १ एप्रिल १९५८ ते ३१ डिसेंबर १९६३ या काळात आलेले पुनर्वसनाच्या मदतीस सामान्यतः अपात्र ठरले. १ जानेवारी १९६४ ते २५ मार्च १९७१ या काळात आलेले पश्चिम बंगालबाहेर वसण्यास तयार असल्यास पात्र मानले गेले. आज गडचिरोली जिल्ह्यात असलेल्या मुलचेरा, चामोर्शी या भागांतील बंगाली वसाहती त्या पुनर्वसनाच्या साक्षीदार आहेत. तेथील वृद्धांनी सीमेवर मिळालेली चिठ्ठी पेटीच्या तळाशी जपून का ठेवली, हे या तारखा वाचल्यावर सहज समजते.

मालमत्तेच्या दाव्यांची कथा निराळी. पूर्व पंजाबात शेतजमिनीचे दावे प्रथम तोंडी सांगण्यावरून घेण्यात आले आणि त्याच गावाहून आलेल्या लोकांच्या खुल्या सभेत तपासण्यात आले. शेजाऱ्यासमक्ष शेजाऱ्याची जमीन मोजण्याची ही पद्धत, आमच्या मते, अनेक लेखी पद्धतींहून सरस होती. पुढे दोन्ही पंजाबांमध्ये जमाबंदीच्या नकलांची देवघेव झाली आणि फुगविलेले आकडे उघडे पडले. इतर स्थावर मालमत्तेसाठी १९५० चा दावे अधिनियम व १९५४ चा भरपाई व पुनर्वसन अधिनियम झाला. कल्याणच्या लष्करी छावणीतून ८ ऑगस्ट १९४९ रोजी उल्हासनगर म्हणून नामकरण झालेल्या वसाहतीतील सिंधी कुटुंबांच्या दृष्टीने ‘पडताळणी झालेला दावा’ या शब्दांना केवढे वजन होते, हे सांगावयास नको. हे अधिनियम २००५ मध्ये निरसित झाले.

आता वर्तमान स्थिती. भारताने निर्वासितांविषयीचा १९५१ चा करार स्वीकारलेला नाही व देशात त्यासाठी स्वतंत्र कायदाही नाही. तिबेटी व श्रीलंकेतील निर्वासितांची व्यवस्था शासन स्वतः पाहते. इतर काही देशांतून आलेल्यांची नोंदणी व मुलाखत नवी दिल्ली येथील संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तांच्या कार्यालयात होते. तिसऱ्या देशात वसविण्याची शिफारस तेच कार्यालय करते, निर्णय मात्र त्या देशाचा असतो. जगातील एकूण निर्वासितांपैकी दरवर्षी शेकडा एकाहूनही कमी लोकांना अशी संधी लाभते. म्हणून अर्जदारास खोटी आशा दाखवू नये.

नागरिकत्व (सुधारणा) अधिनियम, २०१९ खाली अफगाणिस्तान, बांगलादेश व पाकिस्तान येथून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी व ख्रिस्ती व्यक्तींना अर्ज करता येतो. नियम ११ मार्च २०२४ रोजी प्रसृत झाले. अर्ज संगणकीय संकेतस्थळावर करावयाचा असून जिल्हास्तरीय समितीचे प्रमुख डाक अधीक्षक असतात, ही बाब अनेकांस ठाऊक नसते; त्यामुळे जिल्हाधिकारी कार्यालयात व्यर्थ खेपा पडतात.

उदाहरणादाखल एक काल्पनिक प्रकरण घेऊ. सिंधमधून २०१२ मध्ये नागपुरास आलेली एक विधवा स्त्री. पारपत्र हरवले आहे, व्हिसाची प्रत नाही. शाळेच्या दाखल्यावर माहेरचे नाव, तर शिधापत्रिकेवर सासरचे. वरवर पाहता प्रकरण निकाली काढण्याजोगे वाटेल. परंतु तिच्याजवळ परदेशी नागरिक नोंदणी अधिकाऱ्याचे २०१३ चे प्रमाणपत्र आहे. हे प्रमाणपत्र मूळ देशाच्या पुराव्यांच्या यादीत आहे आणि प्रवेशाच्या पुराव्यांच्या यादीतही आहे. एकाच कागदाने दोन गोष्टी भागतात! त्याची मुदत संपली असली तरी तो ग्राह्य आहे. नियमांत तसे स्पष्ट म्हटले आहे. नावांतील फरकासाठी प्रतिज्ञापत्र व विवाहाचा उपलब्ध पुरावा जोडावा. याखेरीज अर्जदाराचे स्वतःचे प्रतिज्ञापत्र, चारित्र्याविषयी भारतीय नागरिकाचे प्रतिज्ञापत्र आणि स्थानिक प्रतिष्ठित समाजसंस्थेचे पात्रता प्रमाणपत्र लागते. समितीपुढे मूळ कागदांसह स्वतः उपस्थित राहून निष्ठेची शपथ घ्यावी लागते.

या स्त्रीचा मुलगा नागपुरातच २०१३ मध्ये जन्मला आहे. तो जन्माने भारतीय असावा असा घरच्यांचा समज असतो. तो बरोबर नाही : केवळ येथील जन्म पुरेसा नाही; ३ डिसेंबर २००४ पासून जन्मलेल्यांच्या बाबतीत आईवडिलांपैकी निदान एकजण भारतीय नागरिक असावा लागतो व दुसरा अवैध स्थलांतरित असता कामा नये. म्हणून मुलाची नोंदणी स्वतंत्रपणे करावी लागते, आणि अज्ञान मुलासाठी असलेली सवलत त्यास अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंतच आहे. आईचा अर्ज दाखल करून घेताना मुलाची जन्मतारीख विचारून घ्यावी व ती टिपणीच्या पहिल्याच पानावर लिहावी.