क्षार समुद्र का आटतो? – पृथ्वीच्या चार आवरणांचा एक पाठ

आपल्या समाजातील पुष्कळ घरांत आज नातवंडे विद्यापीठात शिकत आहेत. त्यांपैकी कुणी पृथ्वीविज्ञान हा विषय घेतला असेल, तर पहिल्याच वर्षाच्या पुस्तकात पृथ्वीची चार आवरणे सांगितलेली असतात: खडक व माती यांचे शिलावरण, पाण्याचे जलावरण, हवेचे वातावरण आणि सजीवांचे जीवावरण. मुले नावे पाठ करतात आणि परीक्षा देतात. पण ही चार आवरणे एकमेकांत किती गुंतलेली आहेत, हे कळण्यास पुस्तकापेक्षा आपल्या दाराशी असलेले एक उदाहरण अधिक उपयोगी पडते, असे आम्हांस वाटते. ते उदाहरण म्हणजे याम हा-मेलाह, आपल्या जुन्या मराठी शास्त्रातील क्षार समुद्र.

हा समुद्र नव्हे, सरोवर आहे. यार्देन नदी त्यात येते आणि बाहेर काहीच जात नाही. पाणी जाण्यास एकच वाट, ती म्हणजे वाफ होऊन हवेत. क्षार मात्र मागे राहतात. कोकणातून आलेल्या मंडळींस हे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही, मिठागर ज्याने पाहिले त्याला ते ठाऊकच आहे. आज या पाण्यात वजनाच्या सुमारे एक तृतीयांश क्षार आहेत, म्हणजे साध्या समुद्राच्या जवळजवळ दहापट.

येणारे पाणी आणि उडून जाणारे पाणी यांचा हिशेब जुळत होता, तोपर्यंत पातळी थोडी वरखाली होई, इतकेच. १९३० च्या सुमारास ती महासागराच्या पातळीखाली सुमारे ३९० मीटर होती. आज ती ४३८ मीटरांच्याही खाली गेली असून दरवर्षी एक मीटरहून अधिक उतरत आहे. एन फेश्खाजवळच्या एका खडकावर इंग्रज संशोधकांनी १९०० साली पाण्याची पातळी मोजण्यासाठी खूण कोरली होती. ती खूण आज हमरस्त्याच्याही वर, डोंगराच्या अंगाला आहे. ती पाहणाऱ्यास येथे एके काळी पाणी होते, हे सांगूनही खरे वाटत नाही.

हिशेब कुठे चुकला? यार्देनमधून पूर्वी वर्षाला सुमारे १२० ते १३० कोटी घनमीटर पाणी या सरोवरात येत असे. आज त्याचा दहावा हिस्साही येत नाही. १९३२ मध्ये देगानियाजवळ धरण झाले. १९६४ मध्ये राष्ट्रीय जलवाहिनी सुरू होऊन किन्नेरेतचे पाणी नेगेवपर्यंत पोहोचले. पलीकडे जॉर्डनने आणि सीरियाने यार्मूक नदीचे पाणी आपापल्या शेतीकडे वळवले. दोष कुणा एकाचा नाही. बेएर शेवा व दिमोना येथे आपली माणसे वस्तीस आली, त्यांच्या नळाला पाणी आले ते याच हिशेबातून. ते पाणी आम्हीही प्यालो आहोत. तेव्हा या विषयावर लिहिताना बोट दुसऱ्याकडे दाखवून भागणार नाही.

दुसरे कारण कारखान्यांचे. सरोवराच्या दक्षिण भागात आता नैसर्गिक पाणी राहिलेलेच नाही. १९७० च्या दशकाच्या अखेरीस मधली लिसानची चिंचोळी पट्टी कोरडी पडली आणि दक्षिण भाग तुटला. तेथे दिसते ते उत्तरेकडून पंपाने आणून सोडलेले पाणी. ही प्रचंड मिठागरेच आहेत. त्यांतून पोटॅश, ब्रोमीन व मॅग्नेशियम मिळते. पातळी उतरण्यात इस्राएल व जॉर्डन या दोन्ही बाजूंच्या कारखान्यांचा वाटा तिसऱ्या हिश्शाच्या आसपास धरतात. पण दिमोना गाव १९५५ मध्ये वसले तेच मुळी सदोमच्या कारखान्यातील कामगारांसाठी, आणि त्या पगारावर कित्येक संसार उभे राहिले. येथले पोटॅश खत म्हणून भारतातही जाते.

येथवर गोष्ट पाण्याची झाली. आता शिलावरण पाहा. १९८० च्या दशकापासून किनाऱ्यालगत जमिनीला अचानक खड्डे पडू लागले. हिब्रूत त्यांस बोलआनीम म्हणतात, म्हणजे गिळणारे. आज पश्चिम किनाऱ्यावर त्यांची संख्या हजारांत आहे. एन गेदीच्या खजुराच्या बागांचा काही भाग सोडून द्यावा लागला, आणि २०१५ मध्ये हमरस्त्याचा एक तुकडा बंद करावा लागला.

हे खड्डे कसे पडतात? किनाऱ्याखाली काही दशक मीटर खोलीवर सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीचा मिठाचा थर आहे. सरोवर भरलेले होते तेव्हा त्या थराभोवती क्षारांनी तृप्त झालेले पाणी होते, आणि तृप्त पाण्यात मीठ आणखी विरघळत नाही. सरोवर मागे हटले, तसे हे खारे पाणीही हटले आणि त्याच्या जागी यहुदाच्या डोंगरातून झिरपणारे गोडे पाणी आले. मिठागरावर रचलेली मिठाची रास पावसाळ्यापूर्वी गवताने शाकारतात ती का, हे आठवावे. येथे शाकारणारे कुणी नव्हते. मीठ विरघळले, पोटात पोकळी झाली आणि एके दिवशी वरची जमीन खाली बसली. वरच्या अंगाला नदी वळवली आणि शंभर किलोमीटर खाली भूमी फाटली. पुस्तकात ‘आवरणांचा परस्परसंबंध’ म्हणून जे एका ओळीत लिहिलेले असते, ते हेच.

जीवावरणाचेही थोडे सांगू, कारण ‘मृत’ हे नाव पुरते खरे नाही. या पाण्यात सूक्ष्म जीव आहेत, हे १९३० च्या दशकात बेन्यामिन एलाझारी-वोल्कानी यांनी दाखवून दिले. १९९१–९२ च्या हिवाळ्यात अतोनात पाऊस झाला. वरचे पाणी पातळ झाले, त्यात हिरवे शेवाळ वाढले, पाठोपाठ लाल सूक्ष्म जीव माजले आणि सरोवर तांबूस दिसू लागले. पुढे क्षार वाढले आणि तो रंग गेला. हवेचेही तसेच. पाण्याचा विस्तार घटल्याने सरोवरावरून येणारी दुपारची झुळूक मंदावली आहे. मात्र सरोवर पूर्ण आटणार नाही, असे शास्त्रज्ञ मानतात. पाणी जितके खारे, तितकी त्याची वाफ कमी. कधीतरी हिशेब पुन्हा जुळेल, पण फार खालच्या पातळीवर.

मग उपाय? तांबड्या समुद्राचे पाणी कालव्याने आणावे, अशी योजना होती. २०१३ मध्ये तसा करारही झाला, परंतु २०२१ पर्यंत ती बारगळली. पैसा व राजकारण ही कारणे होतीच. शिवाय दोन निराळी पाणी मिसळली तर पांढरा जिप्सम तयार होईल, शेवाळ वाढेल, ही भीती शास्त्रज्ञांस होती. आम्हांस ती भीती रास्त वाटते. एका ठिकाणचे बिघडलेले दुरुस्त करण्यास जावे आणि चार ठिकाणी नवे बिघडावे, असे या विषयात वारंवार घडते. आता समुद्राचे पाणी गोडे करण्याचे कारखाने झाल्यामुळे किन्नेरेतवरचा भार हलका झाला आहे. ते गोडे केलेले पाणी उलट किन्नेरेतला नेणारी नळवाहिनीही बांधली आहे. पण त्यातले पुढे यार्देनमध्ये किती सोडावयाचे, हा प्रश्न निराळा.

आणखी एक विचित्र गोष्ट. उत्तरेस पाणी उतरत असता एन बोकेकच्या हॉटेलांपुढे ते वर चढत होते. मिठागराच्या तळाशी दरवर्षी सुमारे वीस सेंटिमीटर मीठ साचते, त्यामुळे पाण्याची पातळीही तितकीच वाढवावी लागे. आता ते मीठ यंत्रांनी खरवडून काढण्याचे काम हाती घेतले आहे.

पुढच्या सुट्टीत नातवंडांस घेऊन एन गेदीकडे गेलात, तर त्यांस विचारा, यांतले कोणते आवरण कुठे दिसते. आणि जेथे तारेचे कुंपण व धोक्याची पाटी असेल, तेथे फोटोसाठीसुद्धा पलीकडे जाऊ देऊ नका. खड्ड्याची कड वरून घट्ट दिसली, तरी खाली पोकळ असते.