जयबाच्या शोधात एक रात्र

भुताखेतांचा माग काढण्याचा मला नाद. जयगडचा किल्ला बांधताना पुनःपुन्हा ढासळे. तेव्हा जयबा नावाच्या तरुणाने स्वतःचा बळी देऊ केला, म्हणून हे नाव, अशी दंतकथा आहे. तो भेटतो का पाहावे, म्हणून अमावास्येला बॅटरी व वही घेऊन आम्ही दोघे मित्र तटावर बसलो. (आजीला अर्थातच न सांगता!) मध्यरात्री कर्कश किंकाळी आली, पांढरे काहीतरी निःशब्द डोक्यावरून गेले. बॅटरी मारली, तो गव्हाणी घुबड! त्याच्या पिसांच्या कडांना मऊ झालर असते, म्हणून उडताना आवाज होत नाही. खाली शास्त्रीच्या मुखाशी लाटा निळसर चमकत होत्या. तो उजेड नॉक्टिल्युका या सूक्ष्म जीवांचा. दोन्हींची नोंद केली. पण जयबाने मान स्वतःहून दिली, की त्याला द्यावयास लावली? एवढे विचारण्यासाठी तरी तो भेटावयास हवा होता.