मांजर लंगडतंय, पण का? निरीक्षणातून कारणाकडे

निरीक्षण, अनुमान आणि पडताळणी हे शब्द आपण विज्ञानाच्या तासाला शिकतो. आज हेच तीन शब्द घरातल्या मांजरासाठी वापरून पाहू. आपल्या मानपाड्यात घोडबंदर रोडला लागून उंच इमारती, खाली पार्किंगमध्ये मांजरं आणि वर बाल्कन्यांवर कबुतरं, असं चित्र असतं. त्यामुळे "मांजर लंगडतंय, पण लागलेलं तर काही दिसत नाही" ही तक्रार इथल्या कुणालाही नवीन नाही.

सुरुवातीलाच एक गोष्ट वहीत लिहून ठेवा : लंगडणं हा आजार नाही, ते लक्षण आहे. ताप आला की आपण विचारतो, "कशाचा ताप?" तसंच इथे विचारायचं, "कशामुळे लंगडतंय?"

१) आधी पाहा, मग हात लावा

मांजर दुखणं लपवतं. ते कुत्र्यासारखं कण्हत बसत नाही, गुपचूप पलंगाखाली जाऊन बसतं. म्हणून त्याला उचलण्याआधी दुरून चालताना पाहा आणि पुढील प्रश्नांची उत्तरं लिहा.

• कोणता पाय? पुढचा की मागचा, डावा की उजवा?
• पाय जमिनीला टेकतो की पूर्ण उचलून धरतो?
• अचानक सुरू झालं की हळूहळू वाढलं?
• रोज तोच पाय, की आज एक आणि उद्या दुसरा?
• खाणं, पाणी, शी-शू नेहमीसारखी आहे का?

मोबाईलवर चालण्याचा व्हिडिओ काढून ठेवा. डॉक्टरांच्या टेबलावर मांजर घाबरून आखडून बसतं, एक पाऊलही टाकत नाही. तिथे हा व्हिडिओच उपयोगी पडतो.

त्यानंतर घरातल्या मोठ्यांना सोबत घेऊनच पाय तपासायचा. सुरुवात पंजापासून करा. मांजराच्या पुढच्या पायांना पाच-पाच आणि मागच्या पायांना चार-चार, अशी साधारण अठरा नखं असतात. पुढच्या पायाचं आतल्या बाजूचं नख जमिनीला टेकत नाही, म्हणून ते झिजत नाही. म्हाताऱ्या मांजरात ते गोल वाढून तळव्याच्या गादीत रुततं. बोटांच्या मध्ये काच, तार किंवा काटा आहे का, तेही पाहा. दोन्ही पाय शेजारी ठेवून तुलना करा : सूज, गरमपणा, वाकडेपणा. मांजर फिस्कारलं की थांबायचं, जबरदस्ती नाही.

दुखावलेलं मांजर चावू शकतं. चावलं किंवा ओरबाडलं तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन रेबीजच्या लसीबद्दल विचारा. हे घरी लपवू नका.

२) शक्यतांची यादी

बाहेर फिरणारं मांजर : दुसऱ्या मांजराचा चावा, गाडीची धडक, पंजात घुसलेली वस्तू.

बाल्कनीतलं मांजर : पडणं. "मांजर कुठूनही पडलं तरी चार पायांवर पडतं" असं आपण म्हणतो. ते बरंचसं खरं आहे, पण पायांवर पडलं म्हणजे इजा झाली नाही असं नाही. न्यूयॉर्कमध्ये इमारतींवरून पडलेल्या १३२ मांजरांची नोंद १९८७ साली प्रसिद्ध झाली. उपचार मिळालेल्यांपैकी सुमारे ९० टक्के वाचली, मात्र अनेकांच्या छातीला मार होता, कुणाचे पाय मोडले होते. शिवाय ही फक्त दवाखान्यात आणलेली मांजरं होती. जागीच मेलेली या हिशेबात आलीच नाहीत. आकडा वाचताना "कोण मोजलं गेलं नाही?" हा प्रश्न नेहमी विचारायचा.

पिल्लू : नुसतं बोनलेस मांस खाऊन वाढलेल्या पिल्लाची हाडं कमजोर राहतात, कारण मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अगदी कमी असतं. असं हाड छोट्या उडीनेही मोडू शकतं. मांजरांच्या कॅलिसीव्हायरस या विषाणूमुळेही पिल्लांना ताप येतो आणि ती कधी या, कधी त्या पायाने लंगडतात. अशा वेळी तोंडात फोड आहेत का ते पाहायचं.

म्हातारं मांजर : सांध्यांची झीज. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात बारा वर्षांवरच्या १०० मांजरांचे एक्स-रे पाहिले, त्यांतल्या ९० टक्के मांजरांत सांधे झिजल्याच्या खुणा होत्या. अशी मांजरं लंगडतीलच असं नाही. ती फक्त ओट्यावर उडी मारणं सोडतात आणि आपण म्हणतो, "आता वय झालं."

३) सोडवलेलं उदाहरण

समजा, 'बाळू' नावाचा दोन वर्षांचा बोका आहे. रात्री बाहेर फिरतो. सोमवारी सकाळी पुढच्या उजव्या पायाने लंगडत आला. पंजा स्वच्छ, नखं ठीक, पाय वाकडा नाही. मंगळवारी जेवला नाही, कोपऱ्यात बसून राहिला, अंग गरम. बुधवारी कोपराच्या वर सूज आली, आणि केस बाजूला केल्यावर टाचणीच्या टोकाएवढी खपली दिसली.

आता एकेक शक्यता तपासू. काच घुसली असती तर तो पंजाच चाटत राहिला असता. हाड मोडलं असतं तर पहिल्याच क्षणी दुखणं सगळ्यात जास्त असतं. झिजेचं म्हणावं तर वय दोनच वर्षं. इथे मात्र दुखणं दिवसागणिक वाढत गेलं, ताप आला आणि मग सूज आली. हा क्रम जंतुसंसर्गाचा आहे.

मांजराचे सुळे बारीक आणि अणकुचीदार असतात. भांडणात ते कातडीत खोल घुसतात, पण वरचं छिद्र लवकर मिटतं. तोंडातले जंतू मात्र आतच राहतात आणि दोन ते चार दिवसांत पू धरून गळू होतं. म्हणूनच पहिल्या दिवशी "काहीच दिसत नाही". डॉक्टर केस कापून, गळू फोडून पू काढतात आणि गरजेप्रमाणे प्रतिजैविक देतात. बाळूला बुधवारपर्यंत थांबवायची गरज नव्हती. मंगळवारी जेवण सुटलं, तेव्हाच न्यायला हवं होतं.

४) वाट पाहायची नाही, लगेच न्यायचं

• मागचे पाय अचानक लुळे पडले, थंड लागतात, तळवे पांढरट किंवा निळसर झाले आणि मांजर जोरात ओरडतंय. हृदयातली रक्ताची गुठळी मागच्या पायांकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत अडकल्याने असं होतं. इथे एकेक मिनिट मोलाचं असतं.
• पाय लोंबतोय किंवा हाड बाहेर दिसतंय.
• उंचावरून पडलंय किंवा तोंड उघडून श्वास घेतंय.
• चोवीस तास काहीच खाल्लेलं नाही.

ठाण्यात पशुवैद्यांचे खासगी दवाखाने आहेत. मुंबईत परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट प्राण्यांचं रुग्णालय आणि १८८६ साली सुरू झालेलं पशुवैद्यकीय महाविद्यालयही आहे.

५) गोळी का द्यायची नाही?

या पाठातला सर्वांत महत्त्वाचा भाग हाच. "बिचाऱ्याला दुखतंय, घरातली तापाची अर्धी गोळी देऊ" असं कुणीही मायेने म्हणेल. पण पॅरासिटामॉल हे मांजरासाठी विष आहे. आपलं यकृत या औषधाला एक आम्ल जोडून ते शरीराबाहेर टाकतं. ते काम करणारं विकर मांजराच्या यकृतात फारच कमी असतं. त्यामुळे औषधाचं विषारी रूप साठतं, रक्तातलं हिमोग्लोबिन बिघडतं आणि रक्त ऑक्सिजन वाहू शकत नाही. हिरड्या तपकिरी-निळसर होतात, चेहरा सुजतो. ५०० मिलिग्रॅमची एक गोळीही जीव घेऊ शकते. आयबुप्रोफेनही तितकंच घातक. वेदनेचा बामही लावू नका, मांजर तो चाटतं. पाण्यात टाकल्यावर दुधाळ होणारं जंतुनाशकही जखमेवर नको.

चुकून गोळी दिली गेली असेल तर लक्षणांची वाट न पाहता डॉक्टरांकडे जा आणि गोळीचं पाकीट सोबत न्या. लवकर पोहोचलं तर उपचार होऊ शकतो.

म्हणजे क्रम असा : पाहा, लिहा, शक्यता तपासा, डॉक्टरांना दाखवा. औषध फक्त डॉक्टर सांगतील तेच.

स्वाध्याय

१. लंगडणं हे लक्षण आहे, आजार नाही. बाळूच्या उदाहरणाने स्पष्ट करा.
२. १३२ मांजरांच्या नोंदीवरून "पडलेली ९० टक्के मांजरं वाचतात" असं म्हणणं बरोबर आहे का? कारण लिहा.
३. माणसाचं औषध मांजराला विष का ठरतं? दोन-तीन वाक्यांत लिहा आणि घरी मोठ्यांना वाचून दाखवा.
४. सोसायटीतल्या एखाद्या मांजराची चाल पाच मिनिटं दुरून पाहा. हात न लावता वरच्या प्रश्नांची उत्तरं वहीत नोंदवा.