उपकेंद्रातून तज्ज्ञ डॉक्टरांपर्यंत : मालवण किनारा आणि दूरवैद्यक सेवा

देवबाग हे गाव एका बाजूस अरबी समुद्र आणि दुसऱ्या बाजूस कर्ली नदी अशा चिंचोळ्या भूपट्टीवर वसले आहे. तेथील एखाद्या मधुमेही वृद्धेस तज्ज्ञांना दाखवावयाचे झाल्यास मालवणमार्गे ओरोसचे जिल्हा रुग्णालय गाठावे लागते. व्याधी गंभीर असेल तर थेट गोव्यातील बांबोळी. हा प्रवास सिंधुदुर्गवासीयांच्या अंगवळणीच पडला होता. जानेवारी २०१८ पासून गोव्याबाहेरील रुग्णांना तेथे शुल्क आकारले जाऊ लागले, तेव्हा या परावलंबनाची जाणीव प्रकर्षाने झाली. पुढे जिल्ह्यास स्वतःचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय लाभले. तथापि त्यामुळे किनारा आणि ओरोस यांमधील अंतर काही कमी झाले नाही.

हे अंतर कमी करण्याचा एक मार्ग म्हणजे दूरवैद्यक. त्यास प्रारंभी कायद्याचा स्पष्ट आधार नव्हता. २०१८ मध्ये रत्नागिरीतील एका प्रकरणामुळे, डॉक्टर हजर नसताना दूरध्वनीवरून सांगितलेल्या उपचारांचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापुढे आला आणि वैद्यकीय वर्तुळात शंकाकुशंका निर्माण झाल्या. केंद्र शासनाने २५ मार्च २०२० रोजी मार्गदर्शक तत्त्वे प्रसृत केली, तेव्हा त्या बव्हंशी दूर झाल्या. कोणती औषधे दुरून सुचविता येतील आणि कोणती मुळीच नाहीत, हे त्यांत नमूद आहे. गुंगी आणणाऱ्या, व्यसन लावणाऱ्या औषधांना अर्थातच मज्जाव आहे.

'ई-संजीवनी' ही सेवा याच चौकटीत चालते. उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकारी रुग्णाचा रक्तदाब व रक्तशर्करा मोजून संगणकावर नोंदवितात, पडद्यावर डॉक्टरांशी गाठ घालून देतात आणि लेखी सल्ल्यानुसार उपलब्ध औषधे देतात. येथे नोंदीचे महत्त्व फार आहे. भातलावणीच्या दिवसांत ताप आलेला रुग्ण चिखलात अनवाणी काम करीत होता काय, ही साधी माहिती लिहिली गेली तर लेप्टोस्पायरोसिसची शंका डॉक्टरांना वेळीच येते. दोडामार्ग भागात जंगलात काजू गोळा करणाऱ्या रुग्णाबाबत, २०१६ पासून तेथे आढळलेल्या माकडतापाचा विचार करावा लागतो. व्यवसायाचा रकाना रिकामा ठेवणे म्हणजे डॉक्टरांचे डोळे बांधणे होय.

मात्र सर्पदंश, छातीत कळ, प्रसूतीतील अडचण अशा प्रसंगी पडद्यासमोर रांग लावण्यात वेळ दवडू नये. तेथे १०८ क्रमांकाची रुग्णवाहिकाच हवी. शिवाय वीज गेली की ही सेवाही थांबते. मे २०२१ मधील 'तौक्ते' चक्रीवादळाने मालवण परिसरातील वीजपुरवठा विस्कळीत केला होता, ही गोष्ट ताजी आहे. म्हणून उपकेंद्रातील पर्यायी विजेची तरतूद हा ग्रामपंचायतीच्या चर्चेतील विषय असावयास हवा. रस्त्याच्या डांबरीकरणाइतका तो दिसत नाही, एवढेच.

दुसरा विषय आरोग्य खात्याचा, म्हणजे 'आभा' या चौदा अंकी क्रमांकाचा. २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल अभियानात तो दिला जातो. तो घेणे ऐच्छिक आहे. रुग्णाचे कागद ज्या संस्थेत तयार झाले तेथेच राहतात. दुसऱ्या डॉक्टरांना ते पाहावयाचे असल्यास रुग्णाची संमती लागते आणि दिलेली संमती मागेही घेता येते. शिबिरांत घाईने क्रमांक काढताना हे सांगितले जातेच असे नाही. आकडा पूर्ण करण्यापेक्षा हे चार शब्द सांगणे अधिक मोलाचे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. क्षयरोगाची वा गर्भारपणाची नोंद कोण पाहणार, हा प्रश्न लहान गावात मुळीच गौण नसतो.

किनाऱ्यावर एक व्यावहारिक अडचणही संभवते. संमतीसाठी येणारा ओटीपी नोंदविलेल्या भ्रमणध्वनीवर येतो. घरात एकच भ्रमणध्वनी असेल आणि तो घेऊन घरधनी पहाटेच नौकेवरून समुद्रात गेलेला असेल, तर उपकेंद्रात आलेली त्याची पत्नी ताटकळत राहील. नोंदणीच्या वेळीच स्त्रीचा स्वतःचा, अथवा दिवसभर घरी राहणाऱ्या तिच्या विश्वासातील व्यक्तीचा क्रमांक देण्याविषयी आशा कार्यकर्तीने व शिक्षकांनी सुचवावे. ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद असते व पुरुष मंडळी घरी असतात, त्या काळात हे काम सोपे जाईल.