वीस प्रती, वीस भिंती

मी लिनोकट करते. लिनोलियमच्या तुकड्यावर चित्र कोरायचं, उंच राहिलेल्या भागावर रोलरने शाई फिरवायची, वर कागद ठेवून दाबायचं आणि छाप काढायची, हा माझा व्यवसाय. नोकरी नाही, पाठीशी गॅलरी नाही, घराण्यात कुणी चित्रकार नव्हतं. पुण्यातल्या भाड्याच्या घरातली मागची खोली हीच कार्यशाळा. या वाटेवर नव्याने येणारी मुलंमुली भेटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "ताई, यावर घर चालतं का?" चालतं. पुष्कळ लोक थोडं थोडं देतात म्हणून चालतं. ते कसं, हे दोन वाक्यांत सांगता येत नाही, म्हणून जे हाताला लागलं ते क्रमाने लिहिते.

१. सकाळ ब्लॉकची

दिवसाचा पहिला चांगला उजेड मी ब्लॉकला देते. कोरणीला घसरायला निमित्त लागत नाही, आणि एकदा काढलेला लिनो परत भरता येत नाही. दोन्ही कारणांनी हात ताजा असतानाच हे काम करावं. दुसरा हात कायम पात्याच्या मागे. थंडीत लिनो कडक होतो, रेषेची कड तुटते. त्यात जवसाचं तेल आणि बुचाचा भुसा असतो, ऊब मिळाली की तो मऊ पडतो. म्हणून डिसेंबर-जानेवारीत ब्लॉक आधी गच्चीवर उन्हात आणि मग टेबलावर. जेवणापर्यंत फोन स्वयंपाकघरात. हिशेब, पार्सलं, निरोपांना उत्तरं ही दुपारची कामं. ती टाळायची नाहीत, पण त्यांना सकाळ द्यायची नाही.

२. पोटाचं काम मनापासून करावं

माझ्या वर्षाचा मोठा भाग दुसऱ्यांच्या शब्दांसाठी काढलेल्या चित्रांवर चालतो. पुस्तकांची मुखपृष्ठं, लग्नपत्रिका, एखाद्या नव्या दुकानाचं बोधचिन्ह, आणि मुख्य म्हणजे दिवाळी अंक. श्रावण लागला की संपादकांचे फोन सुरू होतात. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी वाचकाला सणाच्या फराळाबरोबर अंक हवाच असतो. गोव्यात जन्मलेल्या दीनानाथ दलालांनी १९४५ साली 'दीपावली' सुरू केला. चित्रकाराने स्वतःच अंक काढावा, स्वतःच तो सजवावा, आणि कधी प्रदर्शनाची पायरी न चढलेल्या माणसांच्या घरात आपलं चित्र पोचवावं, हे दलालांनी करून दाखवलं. स्वतंत्र चित्रकाराने कसं जगावं याचा नमुना शोधायला फार लांब जायची गरज नाही.

कथाचित्राचं मानधन थोडं असतं, हे खरं आहे आणि ते वाढायला हवं. तरी हे काम मी सोडणार नाही. अर्ध्या पानाच्या जागेत, एकाच काळ्या शाईत, कथेचा शेवट न फोडता चित्र काढायचं, ही शिस्त मला दुसरीकडे मिळाली नसती. कथा मी दोनदा वाचते. पहिल्या वाचनात सुचतं ते बहुधा सर्वांत ठळक प्रसंगाचं चित्र, आणि तो प्रसंग लेखकाने शब्दांत दाखवून झालेला असतो. दुसऱ्या वाचनात मी आजूबाजूच्या वस्तू शोधते: ओसरीवर भिंतीला टेकवलेला पाट, न फोडलेलं पाकीट, दारातल्या जास्तीच्या चपला. चित्र तिथे असतं.

३. प्रतींची संख्या आधी ठरवा आणि पाळा

छापेखाली पेन्सिलीने ७/२० असं लिहिलेलं असतं. वीस प्रतींपैकी ही सातवी. प्रत्येक वेळी शाई नव्याने लावलेली, कागद नव्याने बसवलेला, दाब हाताचा. म्हणून वीसही प्रती मूळ कलाकृतीच असतात. वीस झाल्या की ब्लॉकवर आडवी रेघ कोरून तो रद्द करायचा. एकविसावी प्रत मागणारा माणूस कितीही जवळचा असो, ती काढायची नाही. आधीच्या वीस जणांनी त्या आकड्यावर विश्वास ठेवलेला असतो.

किंमत काढताना कागद, शाई, लिनो, कोरण्याचे आणि छापण्याचे तास, खराब निघणाऱ्या प्रती हे सगळं मांडायचं आणि वीसने भागायचं. वर आपलं घरभाडं आणि पुढच्या कामाचा कागद सुटेल एवढी भर. माझा आग्रह असा, की शाळेतल्या शिक्षिकेला महिन्याच्या पगारातून, फार विचार न करता, एक प्रत घेता यावी. एका श्रीमंत ग्राहकाची मर्जी सांभाळणं मला जमण्यासारखं नाही आणि करायचंही नाही. तो गेला की सगळंच जातं. वीस भिंतींवर गेलेलं चित्र मात्र वीस घरांत बोलतं, त्या घरांत येणारे पाहुणे ते बघतात, आणि पुढच्या चित्राला विचारणा तिथूनच येते.

आपल्याकडे ही ओढ जुनी आहे. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना उभारला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि एरवी राजवाड्यात राहिली असती अशी चित्रं सामान्य घरांच्या भिंतींवर आली. माझं मन मात्र चित्तोप्रसादांकडे जास्त जातं. १९४३ च्या दुष्काळातला बंगाल रेखाटणारा हा माणूस १९४६ पासून मुंबईत, अंधेरीला राहिला. काम करणाऱ्या लहान मुलांवरची त्यांची लिनोकट मालिका १९५० च्या दशकातली. स्वस्तातला लिनो, काळी शाई, आणि मुलांच्या डोळ्यांभोवती कोरलेली ती जाड रेघ. या माध्यमातून काय सांगता येतं याची खूण माझ्यासाठी तीच आहे.

४. करार झाल्याशिवाय ब्लॉकला हात लावू नये

हे मी प्रत्येक तरुण चित्रकाराला सांगते आणि बहुतेकांचा विश्वास बसत नाही. चित्र आपण काढलं म्हणजे कॉपीराइट आपला, असं सगळे धरून चालतात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ वाचा. मोबदला घेऊन, दुसऱ्याच्या सांगण्यावरून रंगचित्र, व्यक्तिचित्र किंवा एनग्रेव्हिंग केलं असेल, तर तसा वेगळा करार नसल्यास कॉपीराइटचा पहिला मालक काम सांगणारा असतो. आणि एनग्रेव्हिंगच्या व्याख्येत एचिंग, लिथोग्राफ, वुडकट, प्रिंट सगळं येतं. म्हणजे माझा लिनोही आला. पत्रिकेसाठी कोरलेला मोर उद्या कुणाच्या मिठाईच्या डब्यावर दिसला, तर तक्रार करायला जागा हवी. ती जागा कागदावरच तयार होते.

म्हणून माझं पानभराचं पत्र असतं, साध्या मराठीत. चित्र कशासाठी, किती काळासाठी, कुठे कुठे वापरायचं, रक्कम किती, आगाऊ किती, मूळ ब्लॉक कुणाकडे राहणार, आणि कॉपीराइट माझ्याकडे राहील हे स्पष्ट वाक्य. हक्क लिहून देताना मुदत लिहिली नाही, तर कायदा पाच वर्षं धरतो; प्रदेश लिहिला नाही, तर तो हक्क भारतापुरता मानला जातो. हे दोन्ही आपणच लिहावं.

कॉपीराइट देऊन टाकला तरी एक गोष्ट आपल्याकडे राहते. कलम ५७ प्रमाणे चित्राखाली आपलं नाव असण्याचा, आणि आपल्या लौकिकाला बाधा येईल अशी मोडतोड झाल्यास दाद मागण्याचा हक्क. अमरनाथ सहगल यांनी दिल्लीच्या विज्ञान भवनासाठी घडवलेलं भव्य कांस्य भित्तिशिल्प १९७९ मध्ये उतरवून गोदामात टाकलं गेलं. शिल्प सरकारने विकत घेतलेलं होतं. तरीही २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने सहगलांच्या बाजूने निकाल दिला. शिल्पाचे अवशेष त्यांना परत करायला आणि पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. एकट्या कलावंताने एवढी वर्षं लढून मिळवलेला तो निकाल आज माझ्यासारख्या प्रत्येकाच्या कामाला येतो. त्यांच्याबद्दल मला मनापासून कृतज्ञता वाटते.

५. बिलावर तारीख हवी

चित्राचं कौतुक लगेच होतं, पैसे "पुढच्या महिन्यात बघू". उद्यम नोंदणी करून घ्यावी. ती ऑनलाइन होते, फुकट होते. २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या कायद्याप्रमाणे नोंदणीकृत लहान व्यावसायिकाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, नाहीतर व्याज लागतं. नोंदणी क्रमांक आणि हा नियम बिलाच्या तळाशी छापला की बोलण्यातला संकोच आपोआप कमी होतो.

६. पावसाळा आधीच मांडून ठेवावा

जूनपासून खोलीचा स्वभाव बदलतो. तेलाची शाई हवेतला प्राणवायू घेऊन वाळते, पण दमट हवेत तिला फार वेळ लागतो. दोरीवर चिमट्यांनी लावलेल्या छापा दिवसेंदिवस चिकट राहतात. कागद ओल ओढून फुगतो. दोन रंगांचं काम असेल तर दुसरा रंग पहिल्यावर नेमका बसत नाही, कारण मधल्या काळात कागदाचं माप बदललेलं असतं. म्हणून पावसाळ्यात मी एकरंगी कामं घेते आणि कोरण्याचा साठा करते. छपाईचा हंगाम दसऱ्यानंतर.

कागदाच्या बाबतीत पुणेकर नशीबवान आहेत. शिवाजीनगरची हातकागद संस्था १९४० पासून आहे. सुती चिंध्यांच्या लगद्याचा तो कागद शाई अशी धरतो की हाताने दाबलेला काळा रंगही सपाट आणि गडद उतरतो. गठ्ठा प्लास्टिकमध्ये गुंडाळून लोखंडी कपाटात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या, आणि आठवड्यातून एकदा उलटून बघणं. बुरशीचा पहिला ठिपका वेळीच दिसला तर बाकीचा गठ्ठा वाचतो.

७. आपल्या टेबलामागे आपणच उभं राहावं

मुंबईतली जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ पासून चित्रकारांचं स्वप्न आहे, आणि तिथल्या भिंतीसाठी वर्षानुवर्षं थांबावं लागतं. जरूर अर्ज करावा. पण तोवर बाहेरच्या फुटपाथवरचे चित्रकार काय करतात तेही उभं राहून बघावं. १९९९ पासून दर वर्षी तिथे काळा घोडा महोत्सव भरतो, पुण्यात हिवाळ्यात जागोजागी हस्तकलेचे बाजार लागतात. मी दोन टेबलं मांडते: एकावर छापा, दुसऱ्यावर शाई लावलेला छोटा ब्लॉक.

"प्रिंट आहे ना हे? मग एवढे पैसे कसे?" हा प्रश्न रोज येतो. परवा एका आजोबांनी विचारला. मी म्हटलं, "काका, या, तुम्हीच काढून बघा." त्यांनी रोलर फिरवला, कागद ठेवला, चमच्याच्या पाठीने घासला. कडेचा भाग फिका आला. "परत काढू?" म्हणाले. तीन वेळा काढली. मग हात पुसत त्यांनी भिंतीवरच्या छापेकडे बराच वेळ पाहिलं आणि सुनेला हाक मारून तिलाही ती दाखवली. प्रश्न विचारणाऱ्याला कधी तुच्छ लेखू नये. त्याला खरंच माहीत नसतं, आणि कळलं की तोच सर्वांत निष्ठेचा ग्राहक होतो. माझे वर्गणीदार असेच जमले आहेत: वर्षाची रक्कम आधी देतात आणि दर तिमाहीला एक छाप पोस्टाने घरी मागवतात. माझा वर्षभराचा कागद त्या वर्गणीतून येतो.

८. शिकवावं, पण बेताने

रविवारची कार्यशाळा पैसे देते आणि डोळे उघडते. मुलं हत्यार धरण्याच्या अशा रीती काढतात की आपण बघत राहावं. महिन्यात एकीपेक्षा जास्त घेतली, की माझे स्वतःचे ब्लॉक मागे पडतात. एवढंच.

९. कुणी न सांगितलेलं एक काम कायम चालू हवं

माझं ते काम सध्या तांबट आळीत आहे. कसबा पेठेत, पेशव्यांच्या काळापासून तांब्याची भांडी घडवणाऱ्या कारागिरांची ही वस्ती. सकाळी आळीच्या तोंडाशी पोचलं की ठोक्यांचा आवाज येतो. मठारकाम म्हणजे भांड्याच्या अंगावर हातोडीचे एकसारखे ठोके देत जाणं. त्याने पत्रा कडक होतो, भांड्याला बळ येतं, आणि उजेड हजार ठिकाणी तुटून चमकतो. स्टीलच्या भांड्यांनी आणि गीझरने या धंद्याचं मोठं गिऱ्हाईक नेलं. बंब, घंगाळं, हंडे वापरणारी घरं कमी झाली. आता हॉटेलं आणि सजावटीची दुकानं मागणी देतात, पण ठोक्याची नजर असलेले हात थोडे उरले आहेत.

मला त्या ठोक्यांनी ओढलं. हातोडीचा प्रत्येक ठोका हा तांब्यावरचा एक गोल खळगा, आणि कोरणीची प्रत्येक टोच हा लिनोतला एक पांढरा ठिपका. घंगाळाची गोलाई रेषेने न काढता नुसत्या ठिपक्यांनी दाखवायची, उजेडाकडे दाट आणि सावलीकडे विरळ, हे मी स्वतःला घातलेलं कोडं आहे. छाप उलटी येते, म्हणून रेखाटन ट्रेसिंग कागदावर पालटून घ्यावं लागतं. नाहीतर उजव्या हाताने ठोकणारा कारागीर डावखुरा दिसेल, आणि आळीतलं शेंबडं पोरही ते ओळखेल. हातोड्या मी एकेक करून रेखाटून घेतल्या, कारण तळासाठी वेगळी, काठासाठी वेगळी. तिथले एक काका माझ्या वहीत डोकावून म्हणाले, "ताई, मनगट एवढं वर नसतं. कोपर मांडीला टेकलेलं असतं, म्हणून दिवसभर ठोकता येतं." तेव्हापासून रेखाटन दाखवल्याशिवाय मी आळीतून निघत नाही.

या कामाला कुणाची आगाऊ रक्कम नाही, मुदत नाही. वर्गणीदारांना त्यातलीच चित्रं जातात, दिवाळी अंकांच्या मानधनातून शाई येते. प्रत्येक चित्राच्या वीसपैकी दोन प्रती आळीसाठी राखलेल्या. त्यांवर किंमत नाही. सध्या टेबलावर बंब आहे, दोन रंगांत. काळा ब्लॉक तयार झाला, तांब्याचा रंग अजून जुळायचा आहे. लाल मातीत थोडा पिवळा घालून बघितला, तो फार गोड दिसतो. कोजागिरीनंतर हवा कोरडी झाली की त्यात किंचित निळा टाकून पुन्हा प्रूफ काढणार आहे, आणि ते घेऊन आधी काकांकडे जाणार आहे.